पावसाळ्यात ऑर्किडची मुळे दरवर्षी कुजत असतील तर

घरी ऑर्किड लावणाऱ्यांची एक तक्रार जुलै उजाडला की हमखास ऐकू येते. हिवाळ्यात फुललेले रोप आणलेले असते, उन्हाळाभर ते बऱ्यापैकी तग धरते आणि पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की त्याची पाने मऊ पडू लागतात, खालचे पान पिवळे होते, कुंडीला धक्का लागला तरी रोप डगडगते. उपसून पाहिले तर मुळे तपकिरी, पोकळ आणि चिकट झालेली असतात. चिमटीत धरून ओढले की वरचे आवरण सुटून हातात येते आणि मागे नुसता बारीक दोरा उरतो. मग बुरशीनाशक आणले जाते, उरलीसुरली मुळे त्यात बुडवली जातात, रोप कसेबसे दिवाळी गाठते आणि पुढच्या पावसाळ्यात हाच प्रकार पुन्हा घडतो.

मुळे एकदा कुजणे समजण्यासारखे आहे. पण ती दरवर्षी, त्याच महिन्यांत आणि औषध देऊनही कुजत असतील, तर कारण बुरशीत शोधून उपयोग नाही. बुरशी बहुतेक वेळा शेवटी येते. त्याआधी कुंडीतील मुळांना हवा मिळेनाशी झालेली असते, मुळांचा काही भाग गुदमरून मेलेला असतो आणि त्या मेलेल्या भागावर बुरशीने फक्त आपला संसार थाटलेला असतो. पुढील विवेचन डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, ऑन्सिडियम आणि कॅटलिया या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या, मूळच्या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडांसाठी आहे. जमिनीत कंद करून राहणाऱ्या आपल्या आमरींचे (रानातील ऑर्किडांचे) वेळापत्रक वेगळे असते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मुळे खरोखर कुजली आहेत का?

पाने मऊ पडणे हे लक्षण फसवे आहे. रोपाला पाणी कमी पडले तरी पान सुरकुतते आणि मुळे कुजल्यामुळे पाणी वर चढेनासे झाले तरी पान तसेच सुरकुतते. पानाकडे पाहून या दोन अवस्थांमधला फरक करता येत नाही, आणि नेमके येथेच सर्वांत मोठे नुकसान होते: पान मलूल दिसले म्हणून आणखी पाणी घातले जाते, त्यामुळे वाचलेली मुळेही बुडतात. पावसाळ्यात पान सुरकुतलेले दिसले तर पाण्याचा डबा उचलण्यापूर्वी कुंडी उचलून पाहावी. कुंडी जड लागत असेल आणि पान सुरकुतलेले असेल, तर दोष मुळांत आहे असे निःशंकपणे समजावे.

त्यानंतर रोप हलक्या हाताने बाहेर काढावे. कुजलेल्या रोपाला धक्का बसेल या भीतीने अनेक जण हे टाळतात. परंतु कुजणे चालू असताना रोप कुंडीत ठेवण्यापेक्षा ते बाहेर काढून पाहणे केव्हाही बरे. जिवंत मूळ चिमटीत दाबले तर टणक लागते. कोरडे असताना ते चंदेरी-पांढरे दिसते आणि पाणी शिंपडल्यावर थोड्याच वेळात हिरवट होते. मेलेले मूळ दाबले की चपटे होते व त्यातून पाणी निघते. येथे रंगावर फार विसंबू नये. नारळाच्या सोडणात वाढलेली मुळे सोडणातील रंगद्रव्यामुळे तपकिरी होतात आणि तरीही पूर्ण जिवंत असतात; अशी निरोगी मुळे केवळ रंग पाहून कापून टाकलेली पाहिली की वाईट वाटते. स्पर्श हीच खरी परीक्षा.

कुजण्यासारखे दिसणारे, पण कुजणे नसलेले काही प्रकारही ध्यानात असू द्यावेत. मुळांची फक्त टोके काळी पडून सुकली असतील, बाकीचे मूळ टणक असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर तो बोअरवेलच्या जड पाण्यातील किंवा जास्त झालेल्या खतातील क्षारांचा परिणाम असतो. मुळांची कोवळी हिरवी टोके कुरतडल्यासारखी नाहीशी झाली असतील, तर रात्री टॉर्च घेऊन कुंडीत पाहावे. पावसाळ्यात सोडणाच्या फटींत लहान शंखी आणि गोगलगायी राहतात आणि त्यांना ही टोके फार आवडतात. संध्याकाळी कुंडीत काकडीची चकती ठेवली तर त्या तिच्याखाली जमतात आणि सकाळी वेचून टाकता येतात. आणि डेंड्रोबियमच्या जुन्या कांडीची पाने गळून ती उघडी पडणे हा तर आजारच नाही. अशी कांडी पुढे कित्येक महिने रोपाला पाणी व अन्न पुरवत राहते, म्हणून ती हिरवी व टणक असेपर्यंत कापू नये.

पाऊस तोच, मग झाडावरचे ऑर्किड का कुजत नाही?

कोकणात आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर सीतेची वेणी हे ऑर्किड फुललेले अनेकांनी पाहिली असेल. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरहून अधिक. आणि या दोन्ही परिसरांत झाडांवरची ऑर्किडे चार महिने अक्षरशः भिजत उभी असतात. त्यांची मुळे कुजत नाहीत. याउलट पुण्यात, जेथे शहरात ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो, बाल्कनीत आडोशाला ठेवलेल्या कुंडीतील मुळे कुजतात. म्हणजे पाण्याच्या प्रमाणाने या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

उलगडा मुळांच्या रचनेत आहे. या ऑर्किडांच्या मुळांभोवती मृत पेशींचे एक सच्छिद्र आवरण असते. पाऊस पडला की ते काही मिनिटांत पाणी शोषून भरून जाते आणि पाऊस थांबला की त्याच छिद्रांत पुन्हा हवा शिरते. फांदीवरचे मूळ भिजते आणि सुकते, पुन्हा भिजते आणि पुन्हा सुकते. श्रावणसरींच्या दोन झडींमध्ये वाऱ्याची एक झुळूक त्याला पुरते. कुंडीत मात्र ते आवरण पाण्याने भरले की भरलेलेच राहते. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो आणि पाणी जितके उबदार तितका त्यात तो कमी विरघळतो. जुलैतल्या २७-२८ अंशांच्या उबेत मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि पुरवठा जवळजवळ थांबलेला असतो. अशा स्थितीत काही दिवस गेले की मूळ आतून मरू लागते.

हवा कोठे अडते? बहुतेक घरांत ती तीन ठिकाणी अडते. पहिले ठिकाण म्हणजे कुजलेले माध्यम. नारळाचे सोडण किंवा झाडाची साल नवी असताना तुकड्यांमध्ये मोकळ्या फटी असतात. पण आपल्या दमट हवेत सोडण एक-दोन पावसाळ्यांत मऊ पडते, त्याचा भुगा होतो आणि तो भुगा खाली बसून फटी बुजवतो. वरून कुंडी कोरडी दिसते, आत चिखल असतो. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडू लागल्या की माध्यम कुजू लागले आहे असे समजायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षी रोप जाते आणि पहिल्या वर्षी ते वाचले होते, अशी कहाणी ऐकली की मला सर्वप्रथम या भुग्याचाच संशय येतो.

दुसरे ठिकाण अधिक छुपे आहे. रोपवाटिकेत लहान रोपे स्फॅग्नम मॉसच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाच्या) किंवा कोकोपीटच्या (सोडणाच्या बारीक भुशाच्या) गुंडाळीत वाढवली जातात आणि रोप मोठे झाले की ती गुंडाळी तशीच ठेवून भोवती सोडण अथवा कोळसा भरून ते विक्रीला येते. आपण बाहेरचा कोळसा कोरडा पाहून पाणी घालतो, पण रोपाच्या बुंध्याखाली मुठीएवढा मॉसचा गोळा पंधरवडाभर ओला राहतो. फॅलेनॉप्सिसमध्ये हे फारच आढळते. रोप आणल्यावर, फुले संपताच, हा गोळा काढून टाकणे हे पहिल्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे मी मानतो. नाजूक मुळे तुटतील म्हणून ते पुढे ढकलले तर ती पावसाळ्यात तशीही जाणार असतात.

तिसरे ठिकाण म्हणजे कुंडी स्वतः. शोभेची, भोक नसलेली चिनी मातीची बाहेरची कुंडी, खालची ताटली आणि तळाशी घातलेला खड्यांचा थर. खड्यांमुळे निचरा सुधारतो हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. बारीक माध्यमातील पाणी खालच्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते आणि ओलावा उलट मुळांच्या अधिक जवळ येतो.

सुरू झालेले कुजणे थांबवताना

भर पावसाळ्यात रोपांतर करू नये हा नियम निरोगी रोपासाठी आहे. कुजणाऱ्या रोपाला मुहूर्त नसतो. जुनी कुंडी, जुने माध्यम आणि मॉस पूर्ण काढून टाकावे. त्यातले काहीही परत वापरू नये. मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. कात्रीचे पाते प्रत्येक रोपागणिक ज्योतीवर धरून निर्जंतुक करावे, कारण विषाणूंपासून बुरशीपर्यंत सर्व काही एका रोपावरून दुसऱ्यावर नेणारे सर्वांत सोयीचे वाहन म्हणजे आपली कात्री. मऊ मूळ टणक भागापर्यंत कापावे. एखादे मूळ अर्धे जिवंत असेल तर जिवंत अर्धे राखावे, कारण त्याला बाजूने फाटे फुटू शकतात. कांडी किंवा पान कापले असेल तर त्या जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांवर मात्र टाकू नये, ती जिवंत मूळही सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. फेस आला म्हणजे काम झाले असे वाटते, पण तो फेस जिवंत पेशींच्या संपर्कातही येतो आणि कोवळ्या मूलाग्रांचे त्यात नुकसान होते. स्वच्छ कापणे आणि सुकवणे यांवर माझा अधिक विश्वास आहे.

कापल्यावर रोप लगेच लावू नये. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ते उघडे टांगून ठेवावे, जखमा सुकू द्याव्यात. पावसाळी हवेत दमटपणा पुरेसा असल्याने एक-दोन दिवसांत रोपाचे काही बिघडत नाही. नंतर निव्वळ लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे यांत, रोपाला जेमतेम पुरेल एवढ्या लहान आणि भरपूर भोके असलेल्या मातीच्या कुंडीत ते लावावे. मोठी कुंडी दिली म्हणून मुळे लवकर वाढत नाहीत, ती फक्त सुकायला जास्त वेळ घेते. रोप डगडगणार नाही असे काठीला घट्ट बांधावे, कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळे टोकाशी घासून मरतात. नवे मूळ दिसेपर्यंत खत अजिबात देऊ नये.

एकही जिवंत मूळ उरले नसेल तर पद्धत बदलावी लागते. पिळून काढलेल्या, जेमतेम ओलसर मॉसच्या वर रोपाचा बुंधा टेकेल न टेकेल असा ठेवून त्यावर पारदर्शक पिशवी सैलसर चढवावी आणि ती उजेडात, पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवून रोज थोडा वेळ उघडावी. पानातून पाणी उडून जाणे त्यामुळे कमी होते आणि रोपाला मूळ फुटेपर्यंत उसंत मिळते. फॅलेनॉप्सिस खोडावर कोठूनही, उबदार दिवसांत जवळपास कधीही, मूळ काढू शकते. डेंड्रोबियम आणि कॅटलियाचे तसे नाही: त्यांची नवी मुळे प्रामुख्याने नव्या कोंबाच्या बुडाशी येतात, जुन्या कांडीला सहसा दुसऱ्यांदा मुळे फुटत नाहीत. म्हणून मुळे गमावलेले डेंड्रोबियम नवा कोंब काढेपर्यंत महिनोन्‌महिने जैसे थे दिसते, आणि त्या काळात त्याला पाणी व खत वाढवून काहीही साधत नाही.

औषध कोणते आणि कधी?

काही कुजणे खरोखर रोगाचे असते आणि ते वेगाने पसरते, तेव्हा वाट पाहणे योग्य नाही. पानावर पाण्यात भिजल्यासारखा पारदर्शक डाग पडून तो एक-दोन दिवसांत पसरत असेल आणि त्याला दुर्गंधी येत असेल, तर तो जिवाणूंचा रोग आहे. बुरशीनाशकाने तो थांबत नाही. डागाच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर निरोगी भाग धरून पान कापावे, रोप इतरांपासून दूर करावे आणि पानांवर पाण्याचा एक थेंबही पडू देऊ नये. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यात रात्रभर पाणी साचले की हाच रोग मध्यावरून सुरू होतो आणि मधले पान हाताला अलगद सुटून येते.

कांडी बुडाकडून काळी पडत वर चढत असेल तर ती पिथियम किंवा फायटोफ्थोरा या पाण्यात पसरणाऱ्या रोगजंतूंची करणी असते. त्यावर मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब या बुरशीनाशकांचे मिश्रण उपयोगी पडते. मात्रा साधारणपणे लिटरला २ ग्रॅम असते, तरी वेष्टनावरील सूचना अंतिम मानाव्यात, हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातील भांडी या कामाला वापरू नयेत. कांडीचा तळ कापल्यावर आत जांभळट-गुलाबी वर्तुळ दिसले तर तो फ्युजेरियम बुरशीचा रोग असतो. जांभळा भाग पूर्ण संपेपर्यंत कापत जावे लागते आणि तो कोठेच संपत नसेल तर रोप टाकून देणे हेच इतर रोपांच्या हिताचे असते. बुंध्याशी पांढरे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर माध्यम व कुंडी दोन्ही फेकावीत, कारण ते दाणे दीर्घकाळ जिवंत राहून पुन्हा रुजतात.

एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. भाजीपाल्यासाठी घरात असलेले तांब्याचे बुरशीनाशक, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण, डेंड्रोबियमवर फवारू नये. डेंड्रोबियमला तांबे सोसत नाही. पाने जळतात, गळतात, आणि मग तीही रोगाचीच लक्षणे समजून पुन्हा फवारणी केली जाते.

पुढच्या वर्षी हे होऊ नये म्हणून

कायमचा उपाय फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करायचा असतो. फुले संपलेली असतात, बुडाशी नवे कोंब दिसू लागलेले असतात, आणि नव्या कोंबाला मुळांची पहिली टोके दिसताच माध्यम बदलले तर पाऊस येईपर्यंत मुळे नव्या कोळशाला घट्ट धरतात. मे अखेरीस सोडणात बोट घालून पाहावे. ते भुगा होऊन हाताला चिकटत असेल, तर ते माध्यम पाऊस सोसणार नाही.

माध्यम कोणते घ्यावे हे आपण कोठे राहतो यावर ठरवावे. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा येथे डेंड्रोबियमसाठी निव्वळ कोळसा व विटांचे अंगठ्याएवढे तुकडे पुरेसे आहेत. मॉस आणि कोकोपीट यांना या पट्ट्यात कुंडीत स्थान देऊ नये, आणि व्हँडा हे ऑर्किड तर माध्यमाशिवाय नुसत्या लाकडी जाळीत टांगलेले सर्वांत सुखी असते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे उन्हाळा कोरडा असतो, तेव्हा कोळशात सुमारे चौथा हिस्सा सोडणाचे तुकडे मिसळावेत. ते आधी काही दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, त्यातील क्षार व रंग काढून टाकावा. नागपूर, अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तेथे एकटा कोळसा रोपाला तग धरू देत नाही. सोडणाचे प्रमाण वाढवून मातीच्या कुंडीत लावावे आणि पाऊस लागण्याच्या आत वरचा थर काढून टाकावा. कुंडी मोठी घेणे भाग असेल तर मधोमध लहान जाळीची कुंडी पालथी ठेवावी, म्हणजे माध्यमाच्या गाभ्यात हवेची पोकळी राहते.

थंड देशांतील घरांत, जेथे हिवाळाभर कृत्रिम उष्णतेने हवा कोरडी होते, तेथील अनुभवावर बेतलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे फिरत असतात: आठवड्याला बर्फाचे तीन खडे, मॉसची कुंडी, रोज फवारा. त्या हवेत ते चालत असतील. मुंबईच्या जुलैत, हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असताना, ठरलेल्या वाराला पाणी घालण्याची कोणतीही पद्धत घातकच ठरते. येथे वार नव्हे, कुंडीचे वजन पाहावे. बांबूची बारीक काडी कुंडीत खोचून ठेवावी, काढून पाहावी. ती ओलसर असेल तर पाणी नाही, आणि कधी कधी अशी काडी सलग दहा-बारा दिवसही ओलसरच निघते. पाणी घालायचे तेव्हा सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत पानांचे बेचके सुकतात.

जागेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. पाऊस रोपावर पडणे वाईट नाही. वळचणीच्या पागोळ्या किंवा वरच्या मजल्यावरील वातानुकूलकाचे पाणी एकाच कुंडीत दिवसभर ठिबकत राहणे वाईट आहे. पावसापासून वाचवण्यासाठी बाल्कनीला चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावला की पाणी थांबते, पण वाराही थांबतो, आणि मग न भिजलेली रोपेही कुजतात. वर पारदर्शक पत्रा आणि बाजू मोकळ्या, ही रचना सर्वांत चांगली. कुंड्या जमिनीवर किंवा एकमेकींना चिकटून न ठेवता टांगाव्यात अथवा जाळीच्या मांडणीवर ठेवाव्यात, आणि बंदिस्त फ्लॅटमध्ये दुसरा इलाज नसेल तर एक लहान पंखा मंद गतीने चालू ठेवावा. माझ्या मते या एका पंख्याने औषधांच्या साऱ्या पुड्यांपेक्षा जास्त रोपे वाचतात. उन्हाळ्यात लावलेली ५० टक्क्यांची शेडनेट जूनमध्ये काढली तरी चालते, कारण ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो आणि कमी उजेडात माध्यम आणखी सावकाश सुकते.

एकाच रोपावर भिस्त नको

मुळांचा प्रश्न आणि अभिवृद्धीचा प्रश्न हे एकमेकांत गुंतलेले आहेत. मुळे मेलेले डेंड्रोबियम अनेकदा कांडीच्या वरच्या पेरावर पिल्लू, म्हणजे छोटे नवे रोप, काढते. फुलाऐवजी पिल्लू आले म्हणून लोक हिरमुसतात, परंतु ते रोपाने स्वतःच सुरू केलेले पुनर्वसन असते: खाली श्वास कोंडला म्हणून ते वर, हवेत, नवी मुळे काढत असते. सतत पिल्लेच येत असतील आणि फुले येत नसतील, तर एकदा कुंडीतील मुळे तपासावीत. तीही ठीक असतील तर नत्राचे खत कमी करून उजेड वाढवावा.

पिल्लाला तीन-चार मुळे फुटून ती पाच-सात सेंटिमीटर लांब झाली की ते काढण्याजोगे होते. त्याआधी घाई केली तर दोन्हींकडून नुकसान. काढताना पिरगाळून ओढू नये. जुन्या कांडीचा थोडा तुकडा ठेवून कापावे, जखम सुकवावी आणि पिल्लू बारीक कोळशाच्या लहान कुंडीत असे लावावे की त्याचा तळ माध्यमाच्या वर टेकलेला राहील, आत पुरला जाणार नाही. खोल पुरलेला तळ हे पिल्लू दगावण्याचे नेहमीचे कारण आहे. पिल्लाची हवेत वाढलेली मुळे वळत नाहीत व मोडतात, म्हणून कुंडीत भरण्याआधी ती थोडा वेळ पाण्यात ठेवून लवचिक करावीत.

पिल्लू आलेच नाही आणि मूळ रोप जाणार असे दिसत असेल, तर हिरव्या कांड्या वाया घालवू नयेत. दोन-तीन पेरांचे तुकडे करून टोके सुकवावीत आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओलसर मॉसवर आडवे ठेवावेत. ज्या पेरांवर आधी फुले आली होती तेथून सहसा काही फुटत नाही, म्हणून न फुललेली पेरे निवडावीत. एक ते तीन महिन्यांत कोंब दिसू शकतो. तुकडा तपकिरी व मऊ झाला तर तो लगेच उचलून टाकावा, नाही तर शेजारचे तुकडेही जातात. अशा रोपाला फुलण्याइतके मोठे व्हायला साधारण दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पण जाणाऱ्या रोपाचे हुबेहूब वाण हाती राहते, हे समाधान लहान नाही.

निरोगी रोपाची विभागणी करायची असेल तर प्रत्येक भागात किमान तीन-चार कांड्या आणि एक जिवंत डोळा हवा. दोन-दोन कांड्यांचे तुकडे केले तर संख्या वाढते, फुले मात्र काही वर्षे हरवतात. फॅलेनॉप्सिसची विभागणी करता येत नाही. त्याच्या फुलदांड्यावर कधी पिल्लू येते, आणि पोंगा कुजून मधली वाढ थांबलेल्या रोपाच्या बुडाशीही ते येऊ शकते. म्हणून पोंगा गेला तरी पाने हिरवी आणि मुळे टणक असतील तर रोप काही महिने राखावे. बियांचा मार्ग घरी जवळपास बंदच आहे. ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो, निसर्गात त्यांना रुजायला बुरशीची सोबत लागते, आणि १९२२ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ल्युइस नुडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर त्या बुरशीशिवाय रुजवून दाखवल्यानंतरच प्रयोगशाळेतील बाटल्यांचा मार्ग खुला झाला. निर्जंतुक जागा नसेल तर त्या खटपटीत शेंग वाढवण्यात रोपाची ताकद खर्च करू नये.

आणि जंगलातून रोप आणून तूट भरून काढू नये, ही कळकळीची विनंती. सह्याद्रीतील फांदीवरून ओरबाडलेल्या ऑर्किडची मुळे सालीला चिकटलेली असतात व काढताना तुटतात. ते कुंडीत पहिल्याच पावसाळ्यात कुजते. वनक्षेत्रातून अशी रोपे काढणे कायद्यानेही गुन्हा आहे. वादळात पडलेल्या फांदीवरचे रोप दिसले तर ते शेजारच्या उभ्या झाडाला सुतळीने बांधून द्यावे.

शेवटी ऑक्टोबरचे. कोळसा व विटांत हलवलेले रोप पावसाळा उत्तम काढते आणि पाऊस थांबून ऊन तापले की अचानक सुकू लागते, कारण तेच माध्यम आता सकाळी भिजवले तर दुपारपर्यंत कोरडे होते. काडी ओलसर निघते का हे या दिवसांत रोज पाहावे. कोकणात एक दिवसाआड, घाटावर रोज सकाळी पाणी द्यावे लागेल, आणि बुडाशी नव्या मुळांची हिरवी टोके दिसली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा सुरू करावे, दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला साध्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढावी.